पाळी येत होती, कोणी पाहिलंच नाही

“पीरियड नहीं आया, ये किसने कहा?” सोनोग्राफीच्या स्क्रीनवरची नजर न हटवता डॉक्टर बाई म्हणाल्या. “हर महीने आ रहा है. बस, बाहर निकलने का रास्ता बंद है.”

माझी मुलगी गार्गी टेबलावर मुठी आवळून पडली होती. पंधरा वर्षं पूर्ण झालेली. सकाळपासून तिला लघवी झाली नव्हती आणि पोट फुगून टणक लागत होतं. आधी नळी घालून लघवी काढली, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला.

आजाराचं नाव इम्परफोरेट हायमेन. योनीच्या तोंडाशी पातळ पडदा असतो आणि त्याला जन्मापासून वाट असते. एखाद्या मुलीच्या पडद्याला ती नसते. मग पाळीचं रक्त दर महिन्याला आतच साठतं. साठता साठता त्याचा फुगा होतो, मूत्रमार्गावर दाब येतो आणि लघवी अडते. डॉक्टर बाईंनी गार्गीला विचारून, चादर सरकवून नुसतं पाहिलं. फुगलेला निळसर पडदा तिथे दिसत होता. ना सुई लागली, ना दुर्बीण.

नुसतं पाहायचं होतं हो! वर्षभर ते कोणी केलं नाही.

वर्षभर दर महिन्याला तीन-चार दिवस तिच्या ओटीपोटात कळा यायच्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी “गैस है” म्हणून गोळ्या दिल्या. मग मी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी गार्गीकडे मान वर करूनही पाहिलं नाही. “शादी नहीं हुई है, जाँच नहीं कर सकते,” म्हणाल्या आणि पाळी आणायच्या गोळ्या लिहिल्या. लग्न न झालेल्या मुलीला शरीर नसतं का? त्या गोळ्यांनी कळा दुप्पट झाल्या.

तिसरा इलाज माझ्या नणंदेचा, म्हणजे गार्गीच्या आत्याचा. त्यांच्या गुरुजींनी पत्रिका पाहून मंगळ बिघडलाय म्हणून सांगितलं. उज्जैनमध्ये मंगळ बिघडला की भातपूजा ठरलेली. पिंडीवर भात लिंपून होईपर्यंत गार्गी भिंतीला टेकून कळा सोसत बसली होती. घरी येताना रिक्षात तिला उलटी झाली. “दोष निकल रहा है,” गुरुजींनी फोनवर सांगितलं. असा संताप आला होता मला!

पण खरा कहर नवरात्रात झाला. वन्संचं घर देवास गेटजवळ. अष्टमीला त्यांच्याकडे नऊ कुमारिका जेवतात. पाळी आली की मुलगी त्या पंगतीतून उठते, ही आमच्याकडची रीत. गार्गीची आली नव्हती, म्हणून पंधरा पूर्ण होऊनही तिला पाच-सहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत बसवलं. “आमची गार्गी अजून कोरी आहे, देवीची कृपा,” असं वन्सं चारचौघींत कौतुकानं सांगायच्या. पोरगी शरमेनं मान खाली घालायची. तिचं दुखणं या घराला पुण्य वाटत होतं!

त्या दिवशी पाय धुऊन झाले, कुंकू लागलं आणि गार्गी कळवळली. “मम्मी, बाथरूमला होत नाहीये गं.”

“आरती होऊ दे, बेटा. कन्या अशी मधून उठत नाही,” वन्सं म्हणाल्या.

मी तिला उठवलं. मागून हाका येत राहिल्या. आम्ही तशाच, तिच्या पायांवर ओलं कुंकू असताना, रिक्षा करून इस्पितळात पोहोचलो.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरलं. संध्याकाळी वन्सं आल्या आणि त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. “पडदा कापणार? अगं, लग्नात कोणी विचारलं तर काय सांगशील? जरा रुक जा, गुरुजींना विचारते.” माझे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “आठवडाभर थांबून बघायचं का?”

डॉक्टर बाईंनी ऐकलं. “बच्चेदानी तक खून भर गया है. रुकेंगे तो किडनी पर असर आ सकता है. किसके लिए रुकना है?”

संमतीच्या कागदावर मी सही केली.

भूल देऊन पडद्याला छेद दिला आणि रक्त पुन्हा अडू नये म्हणून कडा टाक्यांनी शिवल्या. आतून साठलेलं रक्त निघालं, काळपट आणि काकवीसारखं दाट. थोड्याच वेळात गार्गी बाहेर आली. गर्भाशय, बीजकोश सगळं ठीक होतं. पुढे पाळी नेहमीसारखी येईल, मूल व्हायलाही सहसा अडचण येत नाही, असं डॉक्टर बाईंनी तिला स्वतःला समजावलं. आम्हाला नाही, तिला. त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

तुमच्या घरी अशी मुलगी असेल तर ऐका. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, तर दाखवा. पाळी नाही पण दर महिन्याला पोट दुखतंय, तर वाढदिवसाची वाट पाहू नका, आजच दाखवा. कारण प्रत्येकीचं वेगळं असतं. कधी थायरॉइड, कधी अंगात ताकद नसणं, कधी हार्मोन, कधी जन्मतःची रचना. काही घरांत ती उशिराच येते आणि काहीच बिघडलेलं नसतं. पण ते तपासल्यावर ठरतं. आणि डॉक्टर न पाहताच गोळ्या लिहायला लागले, तर उठा आणि दुसरे गाठा.

घरी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे खाटेभोवती होतो. वन्संनी डॉक्टर बाईंना हात जोडून विनंती केली, “लिखकर दे दीजिए कि पर्दा ऑपरेशन में कटा है. कल को लड़केवाले पूछेंगे.” यजमानांनी मान डोलावली. “हो, एक कागद असलेला बरा.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात गार्गी उशीला टेकून उठून बसली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“कल कोणीतरी येऊन काय विचारेल, त्याची सगळ्यांना पडलीय,” ती म्हणाली. “मला आज दुखतंय का, हे कोणी विचारलं?”

मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं.

“नाही दुखत,” ती म्हणाली, आणि मोठ्यानं रडायला लागली.