मयताहून थेट घरी

क्रिसांतो मानालायसायला सरकारी कागदांत 'हौशी मुष्टियोद्धा' म्हणत. हौशी! नावोतासच्या मासळी धक्क्यावर पहाटे बर्फाच्या पाण्यात हात घालून टब ओढायचे, दुपारी बोटं नीट वळत नसताना ठोसे मारायचे, आणि कुणीतरी पंख्याखाली बसून लिहिणार, हौशी. ज्याला तो शब्द सुचला, त्याला एक आठवडा टब ओढायला लावायला हवं होतं. सगळी हौस फिटली असती.

तो ठोसे मारायचा ते गाठोडं कोच तेयोनं बांधलं होतं. फाटकी जाळी पोत्यात कोंबून चॅपेलमागच्या आंब्याला टांगलेली. ठोसा बसला की सुकलेलं मीठ उडायचं आणि डोळे चुरचुरायचे. सांतो तेरा वर्षांचा असताना कोचनं त्याची मनगटं दाबून पाहिली.

"हाडं बापाची दिसतात. राग कुणाचा?"

"माझाच."

"तो घरी ठेवून येत जा. इथं पाय लागतात."

त्या पायांवर सांतो गल्लीतून शहरात गेला, शहरातून देशाच्या संघात गेला. चोविसाव्या वर्षी जकार्त्यात मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत उभा राहिला. समोर एक उंच कझाक पोरगा. तिसरी फेरी, चाळीस सेकंद उरलेले. सांतोच्या भुवईतून रक्त येत होतं, पण तो उभा होता, हात वर होते. तेवढ्यात रिंगमध्ये पांढरा टॉवेल येऊन पडला. टॉवेल पडला म्हणजे हार मान्य; लढत संपली. टॉवेल कोपऱ्यात बसलेल्या कोचचा होता.

कपडे बदलायच्या खोलीत कोच त्याच्या हाताच्या पट्ट्या सोडत होता. सांतो म्हणाला, "माझे हात तुम्ही कापलेत." कोचनं पट्ट्या गुंडाळून खिशात ठेवल्या.

उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळतं, तसं सांतोलाही मिळालं. गल्लीत बँड वाजला, त्याच्या चेहऱ्याचा हा एवढा फलक लागला. पुढे तो फलक सुक्या मासळीच्या टपरीवर छप्पर म्हणून गेला आणि सांतो तिथं उलटा लटकून वर्षभर गिऱ्हाइकांकडे बघत राहिला. संघातली जागा दुसऱ्याला गेली. तसं पत्रसुद्धा कुणी पाठवलं नाही. लोक विचारायचे, "धंदेवाईक का नाही झालास?" तो म्हणायचा, "कोपऱ्यात कोण बसणार?"

कोच सहा घरं सोडून राहायचा. एकोणीस वर्षं सांतो धक्क्यावर जाताना बर्फ कारखान्याला वळसा घालून गेला, पण त्या दारावरून नाही. बायको एर्लिंदा घरकामाला कुवेतला गेली. आधी दर रविवारी फोन यायचा, मग नाताळला, मग नंबरच बदलला. घरात सांतो आणि भिंतीवरचं पदक. दाढी करताना तो आरशाला विचारायचा, "का टाकलात?" कधी रागानं, कधी हळू. सगळ्या तऱ्हांनी विचारून झालं होतं. फक्त कोचला विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगावं, हा त्याचा हट्ट.

मंगळवारी कोच गेला.

गुरुवारी दुपारी सांतो ती सहा घरं चालला. अंगणात ताडपत्रीखाली मयताला सोबत म्हणून पत्ते चालले होते, बशांत शेंगदाणे होते. सरावातला जुना जोडीदार बोयेत पत्ते टाकून उठला.

"आलास का, पारे, मित्रा! जिवंत होता तोवर तुझ्या गुडघ्यात काय अडकलं होतं?"

"गप बस."

"मी गपच बसतो. बोलणारा तिकडं पेटीत निजलाय."

काचेखाली कोच लहान दिसत होता. सांतो किती वेळ उभा राहिला कोण जाणे. कोचची मुलगी पेर्लिता कॉफी घेऊन आली.

"कुया सांतो, बसा." लहानपणापासून ती त्याला कुया, म्हणजे दादाच म्हणायची.

"पेर्लिता, त्या टॉवेलचं... ते कधी काही बोलले?"

तिनं कप त्याच्या हातात दिला. "आईनं शंभरदा विचारलं. एकच उत्तर. 'सांतो विचारेल तेव्हा त्याला सांगेन.' संध्याकाळ झाली की बाकडं दारात ओढायचे. तुमच्या घराकडे तोंड करून."

सांतोनं भरलेला कप खाली ठेवला आणि तो निघाला. पेर्लिता उंबऱ्याशी आली नाही. मयताघरची माणसं कुणाला पोचवायला बाहेर येत नाहीत.

बोयेत मागून धावत आला. "चल, बेकरीत पाव खाऊ."

"नको."

"अरे, मयताहून थेट घरी जायचं नसतं! कुठंतरी थांब, अंग झटक. नाहीतर येईल ना तो तुझ्या मागं!"

"येऊ दे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तू जा, बोयेत. पाव खा."

सांतो कुठंही थांबला नाही. बर्फ कारखान्याला वळसा नाही, टपरी नाही, नळ नाही. भर उन्हात पाठीमागे न बघता हळूहळू चालला. कोचचे गुडघे शेवटी शेवटी फार दुखायचे असं त्यानं ऐकलं होतं. घरी पोचल्यावर दार उघडंच ठेवलं. दोन स्टुलं समोरासमोर मांडली. पातेल्यात कॉफी उकळली, दोन कप भरले. एकात साखर घातली नाही. एवढं त्याच्या लक्षात होतं.

मग बसला आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून, आरशासमोर कधी जमलं नव्हतं इतक्या साधेपणानं म्हणाला,

"कोच, टॉवेल का टाकलात?"

बाहेर कुणाची तरी चप्पल वाजत गेली. सांतोनं मान वळवली नाही. समोरच्या कपावरची वाफ विरली, तरी तो तसाच बसून राहिला.