कांताकाकूचे निरोप

पैज लावा, शेवटी भुर्दंड कोनाले पडला थे तुमी वयखनार नाई! अमरावतीच्या आमच्या सेंटरात दोन मॅडम घरातले भांडनं बोलून सोडवतेत. मी तिथं खुर्च्या मांडतो, चहा देतो. कापूस वेचताना ओटी भरते ना, तसे किस्से साचतेत!

दर्यापूरकडचं घर आलं. नामदेवकाका, बायको कांताकाकू, लेक गजू. गजूनं न इचारता कपाशीच्या वावरात सोयाबीन पेरलं, तवापासून तीन वर्सं बापलेकाचं बोलनं बंद! गजू मने, "दिवाळीपर्यंत बाबा बोलले नाई, त मी पुन्याले चाललो. कायमचा."

* * *

पयल्या दिवशी काका सातबारा घिऊनच आले! मॅडमले जज समजले. मी कानात मनलं, "काका, जामीनदार आनला का?" काकानं दोन गिलास पानी पेलं!

* * *

गोल बसवलं. काका बायकोले मने, "सांग त्याले, तो चुकला." लेक हातभर दूर! काकूनं शब्दान् शब्द सांगतला. गजू मने, "आई, बाबाले सांग, मले ऐकू आलं!"

* * *

दोघी मॅडम त्यायच्या समोरच एकमेकीशी बोलतेत. एक मने, "मले वाटते, काकाले लेकाची लय सय येते."

काका भडकले, "ओ बाई, मी इथंच बसून हावो!"

"मनूनच बोलून राहिलो, काका. कोनाच्या मांगं बोलायचं नाई, हा इथला नियम."

"आमच्या गावात उलटा हाय!"

असं सेंटर अख्ख्या वऱ्हाडात दाखवा मले!

* * *

मंग मी खोडी केली. काकूले मनलं, "चला, चहा घ्या," अन् बाहेरच बसवून ठेवलं. आत काका मने, "सांग त्याले..." बाजूची खुर्ची रिकामी! गजूले हासू फुटलं.

"हासून काहून राहिला बे?"

तीन वर्सानं पयला बोल! गजू रडाले लागला. मॅडमनं मले सगळ्यायसमोर झापलं, "काकूले बाहेर ठेवायचं कोनी सांगतलं? तिले इचारलं का?"

* * *

अन् मॅडमनं काकूले आत बलावून इचारलं, "तुमाले काय वाटते?"

काकूनं मांगं वळून पाह्यलं, कोनाले इचारलं मनून! मंग बोलली. दीड घंटा! चहा थंडा झाला, मीबी हाललो नाई. शेवटी काकू मने, "तुमी बोलले, बरं झालं. आता मले रविवारची सुट्टी पाह्यजे."

गजू पुन्याले गेला नाई. रविवारी बाप भाकर थापते, लेक भांडे घासते. पयल्याच रविवारी काकाचे तीन बोटं भाजले!