आई दाखवणारी बाई

ती केस आठवली की माणसांच्या आधी मला ती पांढरी कुत्री आठवते. दिवाणखान्यात, सोफ्याशेजारी, गळ्यात लाल पट्टा घालून बसलेली. बिचारीचा काहीच दोष नव्हता. पण इतकी भरवशाची खोटी साक्ष मी माझ्या अख्ख्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

माझे वडील फौजेत होते. आम्ही दिल्ली छावणीत वाढलो आणि मी दिल्ली पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो. ही गोष्ट नव्वदीनंतरच्या वर्षांतली. यमुनेपलीकडे मयूर विहारच्या बाजूला सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरात केबल, दारात मारुती, आणि शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडणारं एकटं पोर. त्याला सोबत म्हणून मग पॉमेरेनियन आणायचं. फ्लॅटमध्ये मावतं, खातं कमी, दिसतं गोंडस. रविवारच्या पेपरात छोट्या जाहिराती यायच्या, ‘घरी वाढवलेली पिल्लं, आई पाहता येईल.’

बदली होऊन त्या ठाण्यात नुकताच रुजू झालो होतो. बाकावर एक माणूस बसलेला असायचा. ड्यूटी ऑफिसर हसत म्हणाला, “सर, ये कुत्तेवाले बाबू हैं. रोज आ जाते हैं.”

मी त्याला आत बोलावलं. सरकारी ऑफिसात कारकून, मूळचा यवतमाळकडचा. मराठी ऐकल्यावर तो खुर्चीवर नीट टेकला.

“साहेब, पोरीसाठी एका बाईकडनं पिल्लू घेतलं. घरी नेलं तर ते पाणी पिईना, उगाच अंगावर धावे. पोरीच्या हाताला चावलं आणि मेलं. डॉक्टरनं पोटातली इंजेक्शनं दिली, पोरगी वाचली. माझं काही म्हणणं नाही.”

“मग रोज कशाला येता?”

“पिल्लू घ्यायला गेलो त्या दिवशी आम्ही बाईंचा जिना चढत होतो तेव्हा एक बाई आणि तिचा मुलगा खाली उतरत होते. त्याच टोपलीतलं दुसरं पिल्लू मुलाच्या हातात होतं. गालाला लावलेलं. त्या लोकांना कोणी सांगितलं का, एवढंच विचारायला येतो.”

कोणीही सांगितलं नव्हतं. त्याच्या अर्जावर चौकशी झाली होती. हेड कॉन्स्टेबल बाईंकडे जाऊन चहा पिऊन आला. कुत्री ठणठणीत, घर स्वच्छ, बाई निवृत्त शिक्षिका, तक्रारीत तथ्य नाही. झालं, अर्ज बंद.

“तुम्ही स्वतः काय बघून पिल्लू घेतलंत?” मी विचारलं.

“माय पाहून घेतलं साहेब. आमच्या इकडे कालवड घ्यायची तरी माय पाहतात. माय चांगली तर पोटचं चांगलं.”

मला आजोळ आठवलं. साताऱ्याकडे माझा मामा बाजारात दुभती गाय घ्यायचा. तिच्यासोबत वासरू दाखवलं की आधी ते तिला लावून बघायचा. दलाल कुणाचंही वासरू कुणाच्याही गाईशेजारी बांधतात. गाय चाटते का, पान्हा सोडते का, यावरून मामा काय ते ठरवायचा. या गृहस्थानं आई पाहिली होती, पण तीच आई आहे का, हे काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बनावट गिऱ्हाईक होऊन मी बाईंकडे गेलो. बायको म्हणून सोबत महिला कॉन्स्टेबल. रोहतककडची, आवाज असा की मी तिला आधीच बजावलं, “तू फक्त मान डोलव.”

बाईंनी चहा ठेवला. टोपलीत नवी पिल्लं होती. आईपासून तोडायचं वय झालं नव्हतं. पोटं फुगलेली, डोळ्यांना चिपडं, शेपटीखाली घाण चिकटलेली. बाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला नाही. दिवसभर घरी कोण असतं, मुलं केवढी, याआधी कुत्रं पाळलंय का, काही नाही. आपल्या हातानं वाढवलेलं पिल्लू देणारा माणूस आधी गिऱ्हाईकाचीच उलटतपासणी घेतो. या बाईंना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की नर हवा की मादी.

“हिचीच ना?” मी पांढऱ्या कुत्रीकडे बोट दाखवलं.

“बिल्कुल. सगळी इंजेक्शनं झालेली आहेत तिची.”

मी एक पिल्लू उचललं आणि कुत्रीच्या पोटाशी ठेवलं. “अहो, ती थकलीय,” असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण तोवर पिल्लू तोंडानं चाचपायला लागलं होतं. कुत्री दचकून उठली, गुरगुरली आणि सोफ्याखाली गेली. मी तिला हळूच बाहेर ओढून उताणी केली. सदऱ्याच्या गुंड्यांएवढी आचळं. तिला जन्मात कधी पिल्लं झाली नव्हती. ते पिल्लू मात्र गार फरशीवर आई शोधत गोल फिरत राहिलं.

मी ओळखपत्र काढलं. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून चौकशी तिथेच सुरू केली. आधी त्यांनी ओळखीच्या अधिकाऱ्यांची नावं घेतली. मी ऐकून घेतली. मग म्हणालो, “मॅडम, फसवणुकीचं कलम लागेलच, त्याचं नंतर बघू. मागच्या खेपेला त्या कारकुनाला दिलंत, त्या टोपलीतलं दुसरं पिल्लू कुठे गेलं?”

मग त्यांनी सांगून टाकलं. नोएडाच्या पुढे एका गावात एक माणूस शेडमध्ये कुत्र्या ठेवतो, तो पिल्लं आणून देतो. मागच्या खेपेच्या पिल्लांची खरी आई पिसाळली होती. गावकऱ्यांनी तिला मारलं, आणि त्यानं पिल्लं घाईघाईनं विकायला काढली.

“आणि तो मुलगा?”

“इथल्याच, दिल्लीतल्या द्वारकेचे लोक. वडील विमानतळावर नोकरीला. त्यांचा फोन आला होता. पिल्लू मेलं म्हणाले. मुलाच्या ओठाला दात लागलाय, इंजेक्शन द्यायचं का, विचारत होते.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, आई तुम्ही पाहिलीच आहे. घरचं पिल्लू, हळद लावा.”

“ती पिसाळल्याचं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

बाई म्हणाल्या, “सोसायटीत सगळे मला दीदी म्हणतात. कसं सांगणार होते मी?”

माझा हात उठला नाही, ही वर्दीची कृपा. नव्हे, त्या दिवशी वर्दीही अंगावर नव्हती.

आम्ही तसेच द्वारकेला निघालो. त्या वेळी द्वारका म्हणजे अर्धवट इमारती आणि धूळ. विमानतळवाल्यांची सोसायटी विचारत विचारत सापडली. फ्लॅटला कुलूप होतं. शेजारच्यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मुलगा पाण्याला घाबरायला लागला होता. त्या रोगात एकदा इथवर आलं की डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही. वॉर्डाबाहेर त्याची आई उभी होती. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “लेकिन भाईसाहब, हमने तो उसकी माँ देखी थी.”

मुलगा गेला. बाईंना आणि त्या शेडवाल्याला अटक झाली, जामीनही झाला, आणि तारखा सुरू झाल्या. नवी पिल्लं आणि शेडमधली जनावरं आम्ही पशुवैद्यांच्या ताब्यात दिली.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कुणी पिल्लू घेतो म्हटलं की मी आगाऊपणानं सांगतो, ते आईला पिताना बघा. आईला त्याला चाटताना बघा. विकणारा तुम्हाला काहीच विचारत नसेल तर तिथून उठा. आणि दात लागला तर कुणाचं घर कितीही सज्जन असो, आधी दवाखाना गाठा. लोकांना वाटतं, पोलीसवाला आहे, संशयीच असणार. असेन. चांगलं घर, चांगली भाषा, चांगला चहा यांनी माझ्या हेड कॉन्स्टेबलचे डोळे बांधले होते, आणि एका आईचेही.

अटकेनंतर ते कारकून पुन्हा आले. सवयीनं बाकावर बसायला गेले, मीच उठून बाहेर आलो.

“सापडला का साहेब तो मुलगा?”

“सापडला,” मी म्हणालो.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग खाली बसले. त्यांची पोरगी त्या दिवशी सोबत होती, हाताला बारीक वण. त्यांनी तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.