उताऱ्यात दिलेले नाही

मी तिसरी-चौथीच्या मुलांसाठी उतारे लिहिते. बाजारात भाषेच्या सरावपुस्तिका मिळतात, वर एक छोटा परिच्छेद आणि खाली पाच प्रश्न. तो परिच्छेद कुणीतरी बसून लिहिलेला असतो हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. उतारे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे आपोआप उगवतात असा त्यांचा समज असावा. मीही तो फारसा दूर करत नाही, कारण पुढचा प्रश्न 'याचे किती मिळतात?' हा असतो.

उताऱ्याचे नियम कुणी लिहून देत नाही, पण असतात. वाक्य आखूड हवं. जोडाक्षरं बेताची. कुणी आजारी पडलं तर शेवटच्या ओळीपर्यंत बरं व्हायला हवं, भांडण झालं तर खाऊ वाटून मिटायला हवं. घरात आई, बाबा, आजी, ताई असे सगळे हवेत, आणि बाबांनी संध्याकाळी घरी येताना काहीतरी आणायला हवं. बाबांनी दरवेळी आणलंच पाहिजे का, असं मी एकदा आमच्या संपादकांना विचारलं होतं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, मग उताऱ्यातल्या मुलांनी वाट तरी कशाची बघायची?" म्हणून माझे बाबा पेरू आणतात, पतंग आणतात, फारच झालं तर मांजराचं पिल्लू आणतात.

असे डझनांनी बाबा मी घरी परत आणत होते, त्या वर्षी आमच्या घरातले बाबा निघून गेले.

दिवाळी होऊन गेली होती. एका रविवारी सकाळी नवऱ्याने चहा पिता पिता सांगितलं की त्याला आता इथे राहायचं नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला ऑफिसजवळ फ्लॅट बघितला आहे. दुसरी कुणी नाही, असंही सांगितलं. ते मी विचारलं नव्हतं. मी बरं म्हटलं आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी जमीन जागच्या जागी होती. फरशी पुसायची राहिली होती, ती मी पुसली. पुढे कितीतरी महिने असंच चाललं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर शेजाऱ्याचा वाटतो. मी सगळी तशीच झाले होते. भाजी आणत होते, बिलं भरत होते, आणि कुणी विनोद केला तर योग्य जागी हसतही होते.

मुलगी तिसरीत होती. तिला मीच नीट वेळ बघून सांगेन, तोवर तू काही बोलू नकोस, असं तो म्हणाला. मला ते सोयीचं वाटलं. मग तोवर काय सांगायचं? पुण्यात याला तयार शब्द आहे: ऑनसाइट. सोसायटीत एखादीचा नवरा बरेच दिवस दिसला नाही की तो ऑनसाइट असतो. ज्यांचे खरोखर कंपनीच्या कामाने परदेशी गेलेत त्यांनाही हा शब्द चालतो आणि ज्यांचे तसे गेलेत त्यांनाही, आणि विचारणाऱ्याला दोन्ही माहीत असल्यामुळे तो पुढे विचारत नाही. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी "कुठे?" एवढंच विचारलं. मी जर्मनी म्हटलं. "थंडी असेल आता तिकडे," त्या म्हणाल्या आणि कुलूप उघडून आत गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलीलाही जर्मनीच सांगितली. विमानाने गेला का, एवढं तिने विचारलं. मी हो म्हटलं. तेवढ्यावर भागलं. आठवड्यातून दोन-तीनदा तो संध्याकाळी फोन करायचा. नेटवर्क नसतं म्हणून चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज. मी फोन तिच्या हातात द्यायचे आणि कुकर लावायला जायचे. मला त्या दिवसांत कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं, पण ही एक गोष्ट मी जिवापाड सांभाळत होते: त्याने सांगेपर्यंत तिला कळता कामा नये. आठ वर्षांची पोर. तिची संध्याकाळ तरी शाबूत राहू दे, असं माझ्या मनात होतं.

त्याच सुमाराला संपादकांनी प्रश्नांचा नमुना बदलला. तोवर उत्तर उताऱ्यातच असायचं. प्रश्नातला शब्द धरायचा, उताऱ्यात तो शोधायचा, ती ओळ उचलून लिहायची. मुलं यात इतकी तरबेज झालेली असतात की समजलं नाही तरी अडत नाही. मी एकदा गंमत म्हणून लिहिलं होतं: 'टमकूने सकाळी झिपरा गुंडाळला. मग तो फसकन ढोमला.' टमकूने काय गुंडाळले? झिपरा. नंतर टमकूचे काय झाले? ढोमला. सोसायटीतल्या सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी. झिपरा म्हणजे काय, हे फक्त माझ्या मुलीने विचारलं होतं.

आता मात्र ओळीत नसलेलं विचारायचं होतं. वाचणाऱ्याला कळेल, पण बोट ठेवून दाखवता येणार नाही असं. आणि मूल ठोकून देत नाही ना, हे बघायला प्रत्येक प्रश्नाखाली एक उपप्रश्न: 'कशावरून?' मला काम आवडलं. डोकं त्यात घातलं की दुसरीकडे जात नसे. मी भराभर उतारे लिहिले आणि नेहमीप्रमाणे आधी मुलीला सोडवायला दिले. माझा प्रत्येक उतारा आधी तिच्या हाताखालून जायचा. ती अडली की मी वाक्य बदलायचे.

या वेळी ती अडली नाही. ओळीतल्या प्रश्नांची उत्तरं तिने लिहिली आणि नव्या प्रश्नांपुढे वळणदार अक्षरात एकच वाक्य लिहिलं: 'उताऱ्यात दिलेले नाही.' सगळीकडे तेच. खालच्या 'कशावरून?' समोर एक आडवी रेघ.

मला वाटलं, सवय नाही, होईल. मग शाळेतून वर्गाच्या बाईंचा फोन आला. चाचणीत तेच. तोंडी विचारलं तर खिडकीबाहेर बघत राहते म्हणाल्या. "अहो, हीच पुस्तकं तुम्ही लिहिता ना? मग घरीच दिव्याखाली अंधार कसा?" बाई पुण्याच्याच, त्यामुळे टोमणा आधी आणि काळजी मागून आली. वर्षाच्या सुरुवातीला ही पोर हात खाली ठेवत नव्हती, आता विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, असंही त्या म्हणाल्या. घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो, बाबा ऑनसाइट आहेत. बाई बरं म्हणाल्या. सराव घ्या म्हणाल्या.

मग आमचा सराव सुरू झाला. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मी भाजी निवडत आणि ती पेन्सिल धरून. खिडकीखालून मार्केट यार्डातून निघालेले टेम्पो जायचे आणि सगळ्या घराला कांद्याचा वास यायचा. मी सोपे उतारे काढले. एका ताईने शाळेत डबा उघडला, आत बघितलं आणि झाकण परत लावलं. मग ती मैत्रिणीला म्हणाली, तुझ्याकडे काय आहे? ताईला आपल्या डब्यातली भाजी आवडली का?

मुलीने लिहिलं, उताऱ्यात दिलेले नाही.

मी विचारलं, दिलेलं नाही, पण तुला कळतंय ना? ती म्हणाली, कळतंय. नाही आवडली. मग लिही ना, मी म्हटलं. तिने पेन्सिलीचं टोक बघितलं.

"कळलं म्हणजे लिहायचं असतं का?"

हा शहाणपणा पेपरात चालत नाही, असं मी तिला ठणकावलं. हे मात्र मला अजून आठवतं की मी तिचं ते वाक्य स्पष्ट ऐकलं होतं. उतारे लिहिणारी बाई मी. मुलं काय वाचतात आणि त्यांना काय कळतं याच्यावर पोट भरणारी. आणि मी पान उलटून पुढचा उतारा काढला.

असे बरेच दिवस गेले. ती रोज बसायची, कुरकुर न करता. आजी बाजारातून का परतली, दादा गप्प का झाला, मांजर पलंगाखाली का लपलं, काहीच उताऱ्यात दिलेलं नव्हतं. मी चिडायचे, पण तेही वरवरचं. तिच्यावर ओरडताना आपला आवाज किती वाढवायचा याचा मी हिशोब करत असे.

एका संध्याकाळी मी नवाच लिहिलेला उतारा तिच्यापुढे ठेवला. स्वारगेटच्या स्टँडवर एक काका उभे आहेत. त्यांच्या हातात सामान नाही. गाडी आली की ते दारापाशी जातात आणि उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघतात. गाडी सुटते, पण काका चढत नाहीत. काका स्टँडवर का आले असतील? कशावरून?

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिल रेघेवर टेकवली आणि तशीच धरून राहिली. मी मेथी निवडत होते. त्या दिवशी मला ओरडायचाही कंटाळा आला होता, म्हणून मी साधं बोलले. लिहिलेलं नसलं तरी जे कळलं ते सांगायचं, चुकलं तरी कुणी रागवत नाही, असं सांगितलं.

"कुणीच नाही?"

कुणीच नाही, मी म्हटलं.

"आणि कशातलंही सांगायचं?"

मी मान न उचलता म्हटलं, कशातलंही.

"बाबा पुण्यातच आहे."

दुसरी एखादी आई काय म्हणाली असती मला माहीत नाही. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "कशावरून?"

तिने उत्तर दिलं. बाईंना देत नव्हती तसं, मुद्देसूद. मागच्या गुरुवारी बाबा फोनवर म्हणाला की सकाळपासून नळाला पाणी नाही, आंघोळ राहिली. त्याच्या आधी एकदा असंच म्हणाला होता, तोही गुरुवारच होता. पुण्यात पाइपलाइनच्या दुरुस्तीला पाणी बंद ठेवायचं असलं की गुरुवारीच ठेवतात. आमच्याकडे त्या दिवशी बादल्या भरलेल्या होत्या आणि तिची वेणी मी तांब्यात हात बुडवून घातली होती. फोन स्पीकरवर होता. मी तिथेच होते, चार पावलांवर, आणि मला त्यातलं काही ऐकूच आलं नव्हतं.

"जर्मनीत पण गुरुवारीच पाणी जात नसेल ना," ती म्हणाली. मग तिने काकांच्या उताऱ्याकडे बघितलं. "आणि तो परत येणार नाहीये."

या वेळी मी कशावरून विचारलं नाही. पण उपप्रश्न सोडायचा नसतो हे मीच तिला शिकवत आले होते.

"तू मला फोन देतेस, पण त्याला कधीच विचारत नाहीस, कधी येणार म्हणून. बेल वाजली तरी बघत नाहीस. हे काका बघतात तसं."

मी जुडी खाली ठेवली. मग इतके दिवस का नाही बोललीस, असं विचारलं.

"तू सांगितलं नव्हतंस. म्हणजे सांगायचं नसणार." ती रबराने रिकामी रेघ खोडत होती, तिथे काही लिहिलेलं नसताना. "आणि ताईच्या डब्याचं लिहिलं असतं ना, तर मग हे पण आलं असतं."

म्हणजे मी तिची संध्याकाळ सांभाळत होते, आणि ती आठ वर्षांची मुलगी चाचणीत शून्य घेत माझी सांभाळत होती. बाईंचे टोमणे ऐकत होती, माझं खोटं ओरडणं ऐकत होती, मांजर पलंगाखाली का लपलं हेसुद्धा कुणाला सांगत नव्हती, कारण एक कळलेलं बाहेर आलं की दुसरं मागोमाग येईल अशी तिला भीती होती. घरात सगळं कळत असलेलं माणूस एकच होतं आणि मी त्याचा सराव घेत बसले होते.

ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. उत्तर तपासून मिळायची वाट बघताना मुलं बघतात, तेवढंच.

"बरोबर आहे का?"

नाही म्हणणं अजूनही सोपं होतं. बाबांनाच विचार, म्हणता आलं असतं. तुला कुणी सांगितलं हे, म्हणून तिला चूक ठरवता आलं असतं, आणि ती मुकाट्याने पुन्हा तेच एक वाक्य लिहू लागली असती, चौथीत, पाचवीत, कदाचित जन्मभर.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दोन्ही बरोबर आहेत."

तिने मान डोलावली. मग तिचा खालचा ओठ हलायला लागला, आणि मी तिला ओढून घेतलं, आणि त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच मला दुखलं, छातीपासून पोटापर्यंत, सणसणून दुखलं.