आगाऊ मानलेले उपकार

आभाळ सकाळपासून खाली उतरून बसलं होतं. पाऊस पडत नव्हता, ऊनही पडत नव्हतं. नुसती दमट, चिकट हवा. लाँड्रीच्या मागच्या अंगणात हॉटेलच्या चादरी कालपासून दोऱ्यांवर लोंबत होत्या. मावशीनं एका चादरीचं टोक उचलून गालाला लावलं. हाताला जी ओल कळत नाही ती गालाला कळते, हे तिचं जुनं गणित. गाल गार पडला.

"आजही नाही वाळायच्या," ती म्हणाली. "आत घे. पंख्याखाली पसरू."

"पंखा एक आणि चादरी ढीगभर," लेक दोरीवरचे चिमटे काढत म्हणाली. "तो काय देवदूत आहे, सगळ्यांवर पंख धरायला?"

मावशी हसली नाही. एके काळी तिनं या बोलण्यावर हात वर करून देवाच्या स्तुतीचं खणखणीत 'हालेलूया' ठोकलं असतं. तिचं नावच पडलं होतं हालेलूया मावशी. दोरी तुटून धुतलेले कपडे चिखलात पडले की म्हणायची, "हालेलूया, दोरीच तुटली, खांब नाही मोडला!" हॉटेलचा दरवान तिला लांबून बघितलं की ओरडायचा, "हालेलूया मावशी, आज कशाबद्दल?" आणि ही गठ्ठा सावरत उत्तर फेकायची, "आज तू दाढी केलीस ना बाबा, त्याबद्दल!"

तिचं हे वरवरचं नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्या दोघांकडे एक बादली, एक इस्त्री आणि भाड्याची खोली. खोलीत पाणी शिरलं तेव्हा तिनं प्रार्थना केली, पाणी उतरलं. लेक तापानं फणफणली तेव्हा तिनं उशाशी बसून देवाला हाका मारल्या, ताप उतरला. मग धुण्याचं यंत्र आलं, हॉटेलचं काम आलं, दुकानावर पाटी लागली. मागितलं की मिळतं, असा तिचा अनुभव. त्या अनुभवालाच ती विश्वास म्हणत होती. दोन्ही एकच आहेत का, हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

नवरा मात्र अबोल. इस्त्रीच्या टेबलामागे दिवसभर उभा. शर्टाची बाही अशी फिरवायचा की घडी सुरीनं कापल्यासारखी. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिच्या शेजारी बसायचा, गाताना नुसते ओठ हलवायचा. मंडळीतली माणसं गमतीनं म्हणायची, मावशीनं दोघांच्या वाटचं बोलून घेतलंय, काकांना काही शिल्लकच ठेवलं नाही.

मग त्याच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदाकडे बघत बघत सांगितलं, आता आशा थोडीच, आणि मावशीनं तिथंच पदर खोचला. "ठीक आहे," ती म्हणाली, "आता आमचा मोठा डॉक्टर बघेल."

त्यांच्या मंडळीत एक रीत होती. मागणं फार मोठं असलं की देवाचे उपकार आधीच मानायचे. आजारी माणसाला मधे बसवायचं, भोवती सगळ्यांनी जमायचं, आणि तो बरा झालाच आहे असं धरून उपकारस्तुतीची गाणी म्हणायची. आजाऱ्यानंही उठून तोंडानं सांगायचं, मी बरा झालो. तिथून पुढे घरात दुसरा शब्द काढायचा नाही. 'दुखतं' म्हणणं हा अविश्वास. 'मी गेल्यावर' म्हणणं तर त्याहून मोठा.

मावशीनं थाटात उपकारस्तुती केली. खोलीत माणूस मावत नव्हता. काकांना तिनं नवा शर्ट घातला, स्वतः इस्त्री केलेला. शर्ट खांद्यावरून घसरत होता, इतके काका वाळले होते. "बोला ना," तिनं कोपरानं ढोसलं. काका खुर्चीचा हात धरून उठले. मंडळीकडे बघितलं नाही, प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांकडे बघितलं नाही, फक्त तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालो बरा." टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यानंतर एकदा दोघं मोठ्या चादरीची घडी घालत होते. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. टोकं धरायची, ताणायची, मग चालत एकमेकांपाशी यायचं आणि टोकं जुळवायची. काकांच्या हातात जोर राहिला नव्हता, तरी ते एवढं काम सोडत नव्हते. टोकं घेऊन ते तिच्यापर्यंत आले, तिच्या हातात दिली, आणि हात तसाच धरून ठेवला.

"जरा ऐकतेस?"

"बोला."

"उद्या मी नसलो तर..."

मावशीनं चादर ओढून घेतली. "प्रभूच्या नावानं गप्प बसा! सगळ्यांच्या देखत आभार मानलेत आपण. आता हे काय अभद्र? तोंडाला कुलूप घाला."

काकांनी घातलं. त्यांना कुलूप घालणं सोपंच होतं. पुढे आणखी एकदा, इस्त्रीची वायर गुंडाळताना, त्यांनी "अगं" एवढं म्हटलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही. चहा टाक."

शेवटी शेवटी त्यांचा आवाज बसला. घशातून नुसती हवा यायची. तेव्हा कुठे मावशीचा धीर सुटला. तिनं त्यांच्या तोंडाशी कान नेला. "बोला हो. काय सांगायचं होतं? आता मी काही म्हणणार नाही. बोला." ओठ हलत होते. तिनं श्वास रोखून धरला. काही कळलं नाही. "पुन्हा बोला," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा ओठ हलवले, तिलाच थोपटल्यासारखं पांघरूण थोपटलं, आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

दफनाच्या वेळी मंडळीतली एक बाई कुजबुजली, "कुठंतरी विश्वास कमी पडला असेल." मावशीनं ऐकलं. तिला राग आला नाही. कमी कुठे पडला तेच ती शोधत होती. तिचा तर काठोकाठ भरला होता.

त्या दिवसापासून हालेलूया बंद. देवळात जाणं मात्र तिनं सोडलं नाही. मागच्या बाकावर, ओठ घट्ट मिटून. तरुण पाळक एकदा घरी आले, टोपी हातात फिरवत बसले, आणि म्हणाले, "मावशी, मलाही कळत नाही. कळतं असं म्हणालो तर खोटं होईल."

"मग तुम्ही येता कशाला देवळात?" मावशीनं विचारलं.

"जाऊ कुठं दुसरीकडे?" ते म्हणाले. तिला ते पटलं. तीही त्यासाठीच जात होती.

घरी इस्त्री फिरवताना ती देवाशी भांडायची. तू आगाऊ घेतलेस माझे आभार, मोजून घेतलेस, आणि माल दिला नाहीस. बाजारात असं कुणी केलं असतं तर मी त्याच्या दारात बसले असते. मग तिच्या लक्षात यायचं, की ती बसलेलीच आहे त्याच्या दारात. उठून जायला पाय निघत नाही.

चादरी आत घेऊन झाल्या, तोच शेजारची शिंपीण दारात आली. केस विस्कटलेले, डोळे लाल, पण चेहऱ्यावर उसना उत्साह. तिचा शिंपी पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळला होता. भिंतीपलीकडची शिलाईची खडखड थांबून कितीतरी दिवस झाले होते.

"मावशी, संध्याकाळी आमच्याकडे उपकारस्तुती ठेवलीय. तुम्ही पुढे हवात. तुमच्यासारखी प्रार्थना कुणाला जमत नाही. आणि यांचा पांढरा शर्ट दिला होता ना, तो घेऊन याल?"

"येते," मावशी म्हणाली. 

शिंपीण गेली. लेकीनं ओली चादर टेबलावर आपटली. "तू जाणार? आपल्याकडे झालं तेवढं बास नाही का?"

"बोलावलं तर जावं लागतं."

"मग त्यांनाही शिकव तोंड बंद ठेवायला. बाबांना शिकवलंस तसं."

मावशीचा हात थांबला. "तुला... तुला काही बोलले होते का गं ते?"

कित्येक महिने हा प्रश्न तिच्या जिभेवर होता. विचारायची छाती झाली नव्हती. लेकीनं टेबलावरची चादर उगाच सारखी केली. मग तिचा आवाज चिरकला. "मीच विचारलं होतं. म्हटलं, बाबा, काही सांगायचंय का? तर म्हणाले, तुझ्या आईला सांगायचं होतं, पण राहू दे. म्हणाले, मला जायचं तर आहेच, जाताना तिचा विश्वास कशाला मोडून जाऊ."

पंखा फिरत राहिला. मावशी खाली बसली, ओल्या चादरींच्या ढिगावरच. म्हणजे तो गप्प बसला ते तिच्या धाकानं नव्हे. तिचा विश्वास जपायचा म्हणून. टोकं तिच्या हातात देऊन, हात धरून, जे काही आलं होतं ओठांवर ते त्यानं गिळलं, आणि एकट्यानं घेऊन गेला. आणि ज्या विश्वासासाठी गिळलं, तो त्याच्यामागे एक दिवसही टिकला नाही.

"आई," लेक घाबरून म्हणाली, "मी उगाच बोलले."

"उगाच नाही," मावशी म्हणाली. तिनं नाक पदराला पुसलं. "तो शर्ट दे इकडे."

संध्याकाळची वाट न बघता ती शिंप्याच्या घरी गेली. सभेसाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. खाटेवर शिंपी उशीला टेकून होता. गळ्यात सवयीनं मापाची टेप, कातडीखाली हाडं दिसत होती.

"बघा, कोण आलंय!" शिंपीण म्हणाली. "सांगा मावशींना. म्हणा, मी बरा झालो."

शिंप्यानं बायकोकडे बघितलं. फक्त तिच्याकडे. "झालो," तो म्हणाला.

काकांनीही असंच म्हटलं होतं. तोच आवाज, तीच नजर. तेव्हा ती टाळ्या वाजवत होती. शर्ट खुंटीला अडकवून ती खाटेच्या कडेला बसली.

"शिंपीदादा, खरं सांगा. काय सांगायचंय हिला?"

"मावशी!" शिंपीण ओरडली. "तुम्ही? तुम्ही असं विचारता?"

"मीच विचारते."

"म्हणजे देव यांना बरं करणार नाही म्हणता?"

"ते मला माहीत नाही. त्याला माहीत. तू माग. गळा फुटेस्तोवर माग, मीही मागते. पण याचं तोंड बंद करून मागू नको गं बाई. मी बंद केलं होतं. मग ऐकायला बसले, तेव्हा आवाजच उरला नव्हता." तिनं खाटेची कड धरली. "काय म्हणायचं होतं त्या माणसाला, मला ठाऊक नाही. आता मला कोण सांगेल? देवाला माहीत आहे, आणि तो सांगत नाही."

शिंप्यानं गळ्यातली टेप चाचपली. मग हळूच म्हणाला, "मशीनच्या पोटात तेल घालायची एक जागा आहे, ती हिला माहीत नाही. दाखवायचीय." त्यानं तोंड भिंतीकडे केलं. "आणि मला फार भीती वाटते गं."

शिंपिणीच्या चेहऱ्यावरचा उत्साह गळून पडला. ती खाली बसली, त्याच्या पायांवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडून रडली. शिंप्यानं तिच्या केसांवर हात ठेवला. "अशी रड," तो म्हणाला. "मला वाटलं तू रडणारच नाहीस माझ्यासाठी."

मावशीनं दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. प्रार्थना करायची म्हणून तोंड उघडलं, आणि शब्द सापडेनात. जुने सगळे शब्द मोठे होते, अंगावर बसेनात. "देवबापा," ती कशीबशी म्हणाली, "हा बरा व्हावा असं आम्हाला वाटतं. फार वाटतं. तू केलंस तरी इथंच बस. नाही केलंस तरी इथंच बस. उठून जाऊ नको. मी रागावलेय तुझ्यावर, तरी सांगते, जाऊ नको. आमेन."

ती दार ओढून बाहेर आली तेव्हा आत शिंपी काहीतरी सांगत होता आणि शिंपीण "हं, हं" करत ऐकत होती.  मावशीला त्यांचा हेवा वाटला. इतका, की गल्लीत भिंतीला धरून उभं राहावं लागलं. असा एक "हं" तिला म्हणायचा होता. तेवढाच. ती तोंडात पदर कोंबून रडली. "ऐकते मी," ती पुटपुटली. काकांना म्हणाली की देवाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणी उत्तर दिलं नाही. तरीही ती थोडा वेळ थांबली.

लाँड्रीत आली तर लेक दारातच होती. "संध्याकाळची सभा?"

"होईल. पाळकांना निरोप दे, गाणी तीच म्हणू, पण शिंप्याला उभं करायचं नाही. त्याला जे म्हणायचं ते म्हणू दे."

"आणि तू पुढे बसणार?"

"बघू."

लेकीनं तिचे सुजलेले डोळे पाहिले. "हॉटेलचे शर्ट आलेत," ती म्हणाली. "वेटरांचे. कॉलरी अशा काळ्या, जणू मान पुसायला याच वापरतात."

"भिजवलेस?"

"नाही अजून."

"मग बघत काय उभी राहिलीस?" मावशीनं बाह्या वर सारल्या, पाटावर बसली, पहिला शर्ट पुढ्यात ओढला. कॉलर उलटी करून तिनं साबण लावला आणि ब्रशनं घासायला लागली.