झाकणावरचं कुंकू

नवा लॅपटॉप काही बजेटमध्ये बसेना, म्हणून लेकीसाठी जुन्या लॅपटॉपच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक पुढे सरकवला. झाकणावर कुंकवाचं पुसट स्वस्तिक होतं आणि बिजागरीत झेंडूची वाळकी पाकळी अडकलेली. कुणीतरी दसऱ्याला त्याची पूजा केली होती.

"कुणाचा हो हा?"

"नोकरी गेली त्यांची, ताई. परवाच देऊन गेले, अजून पुसलाही नाही."

पोटाला देणारी वस्तू माणूस सगळ्यात शेवटी विकतो. जिला हात जोडले, तीच पिशवीत घालून इथं आणताना त्या हातांना काय झालं असेल?

मग किंमत ऐकली, आणि त्या कुंकवावर बोट ठेवून मीच म्हणाले, "डाग आहे की यावर. थोडे कमी करा."