झाकलेली नदी

चित्रं आणि गाण्यांतून शिकवणाऱ्या एका शाळेत नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण बघायला गेलो होतो. सगळे सतरंजीवर बसून तेलकट खडूंनी आपापल्या गावची नदी काढत होते. दुसऱ्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवून आलेल्या शिंदेबाईंनी डाव्या हाताने कागद झाकून घेतला होता.

"बाई, कॉपी नाही करत तुमची," शेजारचे सर म्हणाले. "माझी नदी बरी आहे."

"नदी होय ती? मला वाटलं, साप."

हात मात्र निघाला नाही.

प्रशिक्षण देणारी ताई समोर येऊन बसली. "बाई, सोमवारपासून मुलं तुम्हाला चित्रं दाखवणार. आज तुम्ही दाखवाल?"

"माझ्या वर्गातही मुलं वही अशीच झाकायची," बाई हळूच म्हणाल्या. "मी सरळ हात बाजूला करायचे त्यांचा."

मूल वही नेमकी कोणापासून झाकतं, हे खुर्चीवरून दिसत नसावं. त्यासाठी सतरंजीवर बसावं लागत असेल.

ताईने हात लावला नाही. ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने बाईंनी स्वतःच हात उचलला. अर्धी नदी कागदावर होती, उरलेली त्यांच्या हाताला लागून कोपरापर्यंत निळी पसरली होती.